ऑरिनचे नवे बूट

कार्पर मिल, विस्कॉन्सिन
१४ सप्टेंबर २००८

जनेल,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझं पुस्तक पोचलं. पहिल्या पानावर तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलं आहेस, 'माझी मोठी बहीण अर्डिस हिला, जिनं तो दिवस डोळ्यांनी पाहिला.' पाहिला ना. मग काय पाहिलं ते एकदा विचारायचं होतंस. तू त्या दिवशी जन्मालाही आली नव्हतीस. बॉस्टनला बसून आईची गोष्ट लिहिलीस, छापलीस आणि वर मलाच भेट पाठवतेस. तुझ्या धीटपणाचं कौतुक करावं तेवढं थोडं.

मुलांसाठी थोर अमेरिकनांच्या गोष्टी लिहून तू पोट भरतेस, त्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. तुझी सगळी पुस्तकं इथल्या वाचनालयात आहेत आणि मी ती चाळलेली आहेत. सगळी एकाच साच्यातली. लहानपणी गरिबी, शाळेत कुणीतरी हसतं, मग दात-ओठ खाऊन मेहनत, मग पुतळा. माझं काही म्हणणं नाही, मुलांना आवडतात. पण या साच्यात तू आईला घालशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

चित्रं कुणी काढली? आईला निळा झगा घातलाय, पाठीवर पिवळी धम्मक वेणी सोडलीय. आई जन्मात निळं ल्यायली नाही. निळा रंग आजारी माणसांचा, असं म्हणायची. केस तर हजामानं कापल्यासारखे आखूड ठेवायची, कानावर टेलिफोनचं यंत्र बसावं म्हणून. आणि सिगारेट कुठे गेली? स्विचबोर्डवर बसलेली आणि तोंडात सिगारेट नसलेली अल्वीना हॉवरसन या गावात कुणी पाहिलेली नाही.

ते सगळं मी गिळलं असतं. शेवटचं पान गिळवत नाही. 'ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी अल्वीनाची लांब घंटा ऐकली, ते सगळे वाचले.' वा गं शहाणे. वकिलाकडून लिहून घेतलंस का हे वाक्य? ऑरिननं घंटा ऐकली नाही, म्हणजे तो मेलाच नाही? सहा वर्षांचा आपला भाऊ त्या पुरात बुडाला, आणि पूर्ण पुस्तकात त्याचं नाव नाही. आई-वडील आणि एक मुलगी, असं कुटुंब आहे तुझ्या पुस्तकात. ती एक मुलगी म्हणजे मी. माझी वेणी पण पिवळी आहे.

माझं मागणं एकच आहे. दुसरी आवृत्ती वसंतात निघणार असं पाकिटातल्या जाहिरातीत छापलंय. तिच्यात ऑरिनचं नाव पाहिजे. परिशिष्टात नको, तळटीपेत नको, गोष्टीत पाहिजे.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही, हे तुला माहीत आहे. जे काय सांगायचं ते लिहून पाठव. लिहिणं तर तुझ्या हाडामासात आहे म्हणतात.

अर्डिस


२ नोव्हेंबर २००८

जनेल,

तुझं टाइप केलेलं उत्तर मिळालं. सख्ख्या बहिणीला टाइप करून लिहिणारी तू पहिलीच असशील.

'सात ते दहा वर्षांचे वाचक.' 'मुलाच्या मृत्यूची सावली धैर्याच्या कथेवर पडते.' जनेल, ऑरिन सहा वर्षांचा होता. तुझ्या वाचकांपेक्षा लहान. त्याला जे झेपलं नाही ते त्यांनी निदान वाचायला काय हरकत आहे? आणि सावली म्हणे. आई पंचेचाळीस वर्षं त्या सावलीत उभी होती, ते तुला दिसलं नाही वाटतं. दिसलं असतं तरी चित्रात कसं काढणार, तिकडे तर सगळं निळं.

तू लिहितेस, 'तपशिलांबद्दल मतभेद असू शकतात.' बरं. मग तपशील घे.

एप्रिल महिना, ईस्टरच्या आधीचा गुरुवार, दुपार. वडील टेकडीवरच्या लोण्याच्या कारखान्यात. आई गुरांच्या खाद्याच्या दुकानावरच्या माडीत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. नदीवरचा बर्फ फुटून गिरणीच्या बांधाला तुंबला होता, आणि बांध फुटतोय असं गिरणीवाल्यानं तिला कळवलं. तिनं लांब घंटा दिली, म्हणजे गावातला प्रत्येक फोन एकदम वाजवला, आणि लोकांनी कानाला लावला की एकच वाक्य म्हणायची, 'टेकडीवर जा, सामान घेऊ नका.' पाणी खाली दुकानात शिरलं तरी ती उठली नाही. एवढं तुझ्या पुस्तकात बरोबर आहे.

आता पुस्तकात नाही ते. आमच्या घरात फोन नव्हता. सगळ्या गावाची ऑपरेटर, आणि तिच्याच घरात फोन नव्हता. वडील म्हणत घेऊया, ती म्हणायची, दिवसभर लोकांची बडबड ऐकून कान किटलेत, घरी तरी शांतता असू दे. यावर सगळं गाव हसायचं. तर त्या दुपारी तिनं शेजारच्या मिसेस टोरगर्सनना वेगळा फोन लावला आणि सांगितलं, 'माझी दोन्ही मुलं घेऊन वर जा.' त्या म्हणाल्या, 'घेतलीच समज.' मग आई पुढच्या घराकडे वळली.

मिसेस टोरगर्सन आल्या. काखेत त्यांचं तान्हं, एका हातात त्यांचा थोरला, दुसऱ्या हातानं त्यांनी मला धरलं. ऑरिन दारातच होता. ईस्टरसाठी घेतलेले नवे बूट घालून बघत होता. आईनं सकाळीच दम भरला होता, 'हे बूट चिखलात दिसले तर याद राख.' अंगणात घोट्याएवढा चिखल. मिसेस टोरगर्सन म्हणाल्या, 'चल रे, मागनं ये.' तो म्हणाला, 'आलोच.' आणि पायरीवर बसून नाडी सोडायला लागला. मी मागे वळून हाक मारली. मिसेस टोरगर्सन म्हणाल्या, 'येतोय तो, तू चाल.' कोपऱ्यावरून मला त्याचं डोकं दिसलं, गुडघ्यावर वाकलेलं.

सापडला तेव्हा एका पायात बूट होता.

यात कुणाचा गुन्हा नाही. मिसेस टोरगर्सन मरेपर्यंत आमच्या दारावरून जायचं टाळत होत्या, पण आईनं त्यांना कधी शब्दानं दुखवलं नाही. त्यानंतर आईनं घरात फोन घेतला, आणि कधी उचलला नाही. वाजला की ती अंगणात जाऊन उभी राहायची. तू लहानपणी पळत जाऊन तो उचलायचीस आणि तुला वाटायचं की आईला ऐकू कमी येतं. मीही नाही उचलत, आता कळलं का?

हे सगळं एका परिच्छेदात बसतं. तू लेखिका आहेस, बसव.

अर्डिस


२१ डिसेंबर २००८

जनेल,

तुझं ख्रिसमसचं कार्ड सोबत परत पाठवते आहे. त्यावरचं हरीण छान आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, फुकट जायला नको.

तू मला विचारतेस, 'तू तुझ्या मुलीला ऑरिनबद्दल कधी सांगितलंस?' नाही सांगितलं. मग? मी पुस्तक लिहीत नव्हते. मी शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांच्या जेवणाचे, हॉटडिशचे ट्रे भरत होते आणि माझी मुलगी वाढवत होते, आणि आई म्हातारी झाल्यावर तिला आंघोळ घालत होते. न बोलणं वेगळं आणि 'सगळे वाचले' असं छापणं वेगळं. हा फरक तुला कळत नसेल तर तुझ्या पदव्या काय चाटायच्या आहेत?

आता इथली बातमी ऐक, तुझ्याच कर्तबगारीची. शाळेनं तुझ्या पुस्तकाच्या प्रती घेतल्यात. चौथीचा वर्ग दर वर्षी एप्रिलमध्ये मेणाच्या पुतळ्यांचा खेळ करतो, तुझ्या वेळीही होता. प्रत्येक मुलानं एक थोर अमेरिकन निवडायचा, तसे कपडे घालून जिममध्ये पुतळ्यासारखं उभं राहायचं, हाताच्या पंजावर लाल कागदाचं बटण चिकटवायचं. कुणी बटण दाबलं की 'मी अमुक' म्हणून आपली गोष्ट सांगायची आणि पुन्हा गप्प. पुतळ्यानं पाठ केलेल्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही, हसायचं नाही, नाक खाजवायचं नाही. तू काय झाली होतीस आठवतं? अध्यक्षाची बायको. बटण दाबायच्या आधीच बोलायला लागली होतीस.

माझी नात ब्रेना यंदा चौथीत आहे. तिनं अल्वीना हॉवरसन निवडली. घरी येऊन म्हणाली, 'आजी, तू तर होतीस तिथे. खरंच कुणीच मेलं नाही?'

मी बटाटे सोलत होते. मी म्हटलं, 'पुस्तकात काय लिहिलंय?'

'ज्यांनी घंटा ऐकली ते वाचले.'

'मग ज्यांनी ऐकली नाही त्यांचं काय?'

तिनं दप्तरातून पुस्तक काढून ते वाक्य पुन्हा वाचलं. नऊ वर्षांची पोर आहे, पण तुझं ते चलाख वाक्य तिच्यापुढे मिनिटभर टिकलं नाही. मग मी तिला सांगितलं. वरच्या कपाटातला त्याचा फोटो काढून दिला. तर तिची आई माझ्यावर फणकारली, 'मला एवढ्या वर्षांत कधी दाखवला नाहीस आणि हिला दाखवतेस?' असं आहे बघ, तुझ्या पुस्तकानं माझ्या घरातही आग लावली.

तुझ्या प्रकाशकाला मी पत्र घातलं होतं. गोडगोड उत्तर आलं, लेखिकेची संमती असेल तर बदल जरूर करू. म्हणजे किल्ली तुझ्याच हातात आहे. बांध फुटला त्या दिवसाच्या आठवणीत चर्चच्या तळघरात दर वर्षी कॉफी असते. यंदा तुझं पुस्तक तिथे मोठ्यानं वाचणार आहेत. नाव घातलं नाहीस तर शेवटचं पान मी वाचेन, माझ्या पद्धतीनं, सगळ्यांसमोर. धमकी समजायची असेल तर समज.

अर्डिस


८ फेब्रुवारी २००९

जनेल,

या वेळेला तू हातानं लिहिलंस. बरं केलंस की वाईट, मला सांगता येत नाही.

पत्र वाचून मी ते चुलीत घालायला निघाले होते. मग बसून पुन्हा वाचलं.

तर आईनं तुला सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात. तू विमानानं आलीस, खुर्ची ओढून बसलीस, 'आई, तुझ्यावर पुस्तक लिहू का' म्हणून विचारलंस, आणि ती म्हणाली, लिही, पण ऑरिनला त्यात घालू नकोस. तू लिहिलेले तिचे शब्द मी इथे उतरवते, कारण ते माझ्या अक्षरात कसे दिसतात ते मला बघायचं आहे.

'त्याला माझ्या गोष्टीत घातलंस की लोक म्हणतील, बघा, या बाईनं गावासाठी मुलगा दिला. मी दिला नाही. माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. मला वाटत होतं तो टोरगर्सनबाईंबरोबर आहे. माझ्या कौतुकात त्याचं नाव नको.'

हे तिचंच बोलणं आहे. तुला असं बनवता येत नाही, तुझी पुस्तकं मी वाचलीत.

पण मला सांग, तिनं तुलाच का सांगितलं? अकरा वर्षं तिची नखं मी कापली. तिच्या खोलीत मी झोपत होते. त्या घरात त्याचं नाव निघालं की ती उठून भांडी घासायला लागायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची. मी तिच्यासमोर त्याचं नाव घेणं सोडून दिलं, तिला त्रास नको म्हणून. आणि तू आठ दिवसांची पाहुणी, तुझ्यापुढे तिनं सगळं मोकळं केलं. तू त्याला ओळखत नव्हतीस म्हणून तुझ्याशी बोलणं सोपं गेलं असेल, असं ब्रेनाची आई म्हणते. असेल. म्हणून मला कमी लागतं असं नाही. मला फार लागलंय, जनेल.

आणि बारा वर्षं तू हे दाबून ठेवलंस. सप्टेंबरातच सांगायला काय झालं होतं? सावली काय, वाचक काय, वाट्टेल ते टाइप करत बसलीस. 'तुला वाईट वाटेल म्हणून' हे कारण मला नकोय. मला वाईट वाटायचा हक्क आहे.

अर्डिस


२२ मार्च २००९

जनेल,

तू दोनदा विचारलंस म्हणून लिहिते. नाही, मी अजून काही ठरवलेलं नाही.

आईचं म्हणणं मला कळतं. रोज सकाळी कळतं आणि संध्याकाळी कळेनासं होतं. तिचा शब्द मोडून तुला नाव घालायला लावावं, तर मेलेल्या आईच्या मनाविरुद्ध जाते. नाही घालावं, तर मी गेल्यावर तो या जगात होता हे कुणालाच माहीत असणार नाही. थडग्याच्या दगडावर नाव आहे, पण दगडावर सगळ्यांचंच असतं. तू यातून सुटलीस, तुला काय, तू फक्त आज्ञा पाळलीस. अडकले मी.

दुसरी आवृत्ती एप्रिलअखेर छपाईला जाणार, असं लिहिलंयस. तोवर कळवीन.

ब्रेनाला अल्वीनासाठी मी तपकिरी झगा शिवून ठेवला आहे, आईचा होता तसा. तिच्या मास्तरीणबाई, मिस पेट्रिच, म्हणतात की पुस्तकात निळा आहे. मी त्यांना म्हटलं, पुस्तकाला सांगा.

पोर मात्र सध्या भलतीच चौकशी करते. रोज शाळेतून आली की माझ्या मागे लागते. 'ऑरिननं काय केलं होतं?' मी म्हटलं, 'काय करणार? सहा वर्षांचा होता.' 'पण काहीतरी केलं असेल ना.' तुझ्या पुस्तकांनी यांची डोकी अशी केलीत की माणसानं काहीतरी केलंच पाहिजे. मी म्हटलं, काही केलं नाही. तर ती हटेना. मग एकेक आठवायला लागलं. मला वाटलं होतं माझ्याकडे त्याची फक्त ती पायरीच उरलीय. तसं नव्हतं. काय आठवलं ते तुला लिहिणार नाही, तुझा त्यावर हक्क नाही. एखादं पुस्तक काढशील.

शाळेनं तुला पुतळ्यांच्या खेळाला पाहुणी म्हणून बोलावलंय असं ऐकते. एप्रिलच्या सतरा तारखेला. यायचं तर ये, अडवणारी मी कोण. शिक्षकांच्या टेबलावर बस, सह्या दे. माझ्याशी बोलायला येऊ नकोस. मी जिमच्या दुसऱ्या टोकाला असेन.

अर्डिस


१८ एप्रिल २००९

जनेल,

तू आलीस आणि काल रात्रीच गेलीस. मोटेलच्या मालकिणीनं सांगितलं. बोलायला येऊ नकोस असं मीच लिहिलं होतं, तेव्हा तक्रार करत नाही. एवढी आज्ञाधारक तू लहानपणी असतीस तर बरं झालं असतं.

तू जे बघितलंस ते मला आधी माहीत होतं असं समजू नकोस. मला माहीत नव्हतं. पोरीनं तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं. मी कुरकुरत जिममध्ये शिरले. दारातच कापसाच्या दाढ्या लावलेले तीन लिंकन, त्यातला एक शिंकत होता. पुढे अल्वीना. निळा झगा, पिवळी वेणी, सगळं तुझ्या चित्रातलं, पण आत ब्रेना नाही, नेल्सनांची धाकटी. मी म्हटलं, 'ब्रेना कुठाय?' पुतळा बोलेना. बटण दाबलं तर, 'मी अल्वीना हॉवरसन' म्हणून सुरू झाली. पूर्ण ऐकावं लागलं मला, मध्ये तोडता येत नाही.

मग तिच्या पलीकडे बघितलं.

ब्रेनानं तिच्या चुलतभावाची आखूड विजार घातली होती आणि तिचे खांद्यावरचे पट्टे. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. दुसरा बूट छातीशी धरलेला. आणि मोकळ्या हाताच्या पंजावर लाल बटण. मागच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव आणि खाली पुस्तकाचं नाव लिहायचं असतं. नावाच्या जागी तिनं 'ऑरिन हॉवरसन' लिहिलं होतं, आणि पुस्तकाच्या जागी 'पुस्तक नाही, आजी आहे.' मिस पेट्रिच माझ्या कानाशी लागल्या, 'मी तिला सांगितलं होतं, नियमात बसत नाही. ती म्हणाली, मग मला शून्य द्या. मी काय करू?' मी म्हटलं, 'काही करू नका.'

मला बटण दाबवेना. एका परक्या बाईनं दाबलं आणि मी तिच्या मागे उभी राहून ऐकलं.

'मी ऑरिन. मी सहा वर्षं जगलो. माझ्यावर पुस्तक नाही. मी काही शोधून काढलं नाही आणि कुठली शर्यत जिंकलो नाही. मला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवता यायची. मग पुढचे दात पडले आणि ती वाजेना, म्हणून मी वडिलांना दात परत बसवून मागितले. मला बीट आवडत नसे. मी ते खिशात लपवायचो आणि माझ्या सगळ्या विजारींचे खिसे लाल होते. टोरगर्सनांच्या मोठ्या बदकांना मी घाबरायचो, पण माझ्या बहिणीला मी त्यांच्यापासून लांबून नेत असे आणि म्हणत असे, तिला भीती वाटते. मी सांगितलेलं ऐकायचो. माझे बूट नवे होते. माझ्या आईचं नाव अल्वीना. ती शेजारी उभी आहे. तिचं बटण वेगळं आहे.'

'तिचं बटण वेगळं आहे' हे मी शिकवलेलं नाही. आई तुला काय म्हणाली, हेही मी तिला सांगितलं नव्हतं. जागा कमी होती, लोक दोघींच्या मध्ये गोंधळत होते, म्हणून घातलं, असं ती म्हणाली.

आणि मग तू आलीस. तुझा तो लांब करडा कोट. तू आधी अल्वीनासमोर थांबलीस, हसलीस, मग पुढे सरकलीस आणि पुठ्ठ्यावरचं नाव वाचलंस. मी बास्केटबॉलच्या जाळीच्या खांबामागे होते. तू वाकून तिच्या हातावरचं बटण दाबलंस. ऐकलंस. पुन्हा दाबलंस. मागे रांग लागली होती, तुला भान नव्हतं. तिसऱ्यांदा दाबलंस तेव्हा बटण सुटून खाली पडलं, तरी तू तिचा हात धरून उभी होतीस. मग तू काहीतरी बोललीस आणि पुतळा गप्प राहिला, आणि तू निघून गेलीस.

तुला तो माहीतच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. इतके महिने मी तुझ्याशी भांडतेय की तू त्याला विसरलीस. तुला विसरायलाही काही दिलेलं नव्हतं. तू त्याच्या मरणानंतरच्या घरात वाढलीस, बस. याचा अर्थ मी तुला माफ केलं असा काढू नकोस. टाइप केलेलं ते पत्र मी अजून ठेवलंय.

पण माझं मागणं मी मागे घेते. पुस्तकात त्याला घालू नकोस. आईच्या गोष्टीत तो नको, आईचं बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात मी काही वाचणार नाही, कॉफी पिऊन घरी येईन. शेवटचं ते वाक्य मात्र काढ, ते लबाड आहे. आणि झगा तपकिरी कर. सिगारेट नाही दाखवली तरी चालेल, शाळेत जातं ते पुस्तक.

आता शेवटचं. घरी येताना गाडीत ब्रेना रडकुंडीला आली होती. म्हणाली, 'आजी, करड्या कोटातल्या बाईनं मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. पुतळ्यानं बोलायचं नसतं. ती म्हणाली, मी तुला आवडले असते का? तूच तिला सांग ना.'

तर सांगते.

नाही. पहिलं वर्षभर तर मुळीच नाही. त्याला तान्ही मुलं सहन होत नसत. टोरगर्सनांच्या बाळाला तो सलगम म्हणायचा, त्याच्या तोंडावर. तुलाही म्हणाला असता. तू रडकी होतीस, त्यानं कानात बोटं घातली असती आणि आईला विचारलं असतं, ही परत देता येते का. मग तू चालायला लागली असतीस. मग त्यानं तुला बदकांपासून लांबून नेलं असतं आणि सगळ्यांना सांगितलं असतं की तुलाच भीती वाटते. आणि त्याचे जुने बूट तुला दिले असते. नवे नसते दिले.

अर्डिस